तिबोटी खंड्या आणि त्याचं शास्त्रीय नाव: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जूनचे पहिले पाऊस पडले की कोकणातून आणि सह्याद्रीच्या पायथ्याच्या जंगलांतून एका चिमुकल्या, रंगांनी ओसंडणाऱ्या पक्ष्याचे फोटो यायला लागतात. त्याच्यामागोमाग प्रश्नही येतात. हा पक्षी कोणता? याची इंग्रजी नावं तीन-तीन कशी? जुन्या पुस्तकात शास्त्रीय नाव एक आणि नव्या यादीत दुसरंच, असं का? पक्ष्याबद्दलचे आणि नावाबद्दलचे प्रश्न इथे मुद्दामच एकत्र घेतले आहेत. शास्त्रीय नाव म्हणजे या पक्ष्याच्या नात्यागोत्याबद्दल केलेलं विधान आहे. ते कसं ठरलं हे कळलं की पक्षीही जास्त कळतो.

तिबोटी खंड्या म्हणजे नेमका कोणता पक्षी?

खंड्यांच्या कुळातला, दाट सावलीच्या जंगलात राहणारा एक अगदी छोटा पक्षी. चोचीच्या टोकापासून शेपटीपर्यंत लांबी जेमतेम १३ ते १४ सेंटीमीटर, म्हणजे चिमणीपेक्षाही लहान, आणि त्यातही बराच भाग चोचीचा. वजन साधारण १४ ते २० ग्रॅम. भारत, श्रीलंका, बांगलादेश, भूतान, म्यानमार, थायलंड आणि तिथून खाली मलेशिया, सिंगापूर, सुमात्रापर्यंत तो आढळतो. आपल्याकडे तो मुख्यतः सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर आणि कोकणातल्या ओढ्याकाठच्या झाडीत दिसतो.

ओळखायचा कसा?

चोच आणि पाय लालभडक. पोट पिवळंधमक, कडेला नारिंगी झाक. डोकं नारिंगी, आणि त्यावर उजेड पडला की जांभळी चमक उमटते. तीच चमक कमरेपासून शेपटीपर्यंत असते. पाठीचा वरचा भाग आणि पंख गडद निळे-काळे, पंखांवर निळे ठिपके. कपाळावर चोचीच्या मुळाशी एक काळा ठिपका, मानेच्या बाजूला गडद निळा डाग आणि त्याला लागूनच पांढरा पट्टा.

एवढे रंग असूनही तो सहज दिसत नाही. सावलीत, जमिनीपासून फार उंच नसलेल्या फांदीवर तो निश्चल बसतो आणि बहुतेक वेळा आधी ऐकू येते ती त्याची बारीक, टोकदार शीळ. शीळ कानावर पडेपर्यंत तो ओढ्यावरून सरळ रेषेत निघूनही गेलेला असतो.

नर आणि मादी वेगळे ओळखता येतात का?

नाही, दोघं सारखेच दिसतात. पिल्लं मात्र वेगळी ओळखू येतात: रंग मळकट, पोट फिकट, चोचीचा लालपणा कमी आणि टोक पांढुरकं.

याचं शास्त्रीय नाव काय, आणि त्याचा उच्चार कसा करायचा?

सीइक्स एरिथाका. पूर्ण लिहायचं तर सीइक्स एरिथाका (लिनियस, १७५८). उच्चाराचं फार दडपण घेऊ नका. शास्त्रीय नावांच्या लिखाणाला काटेकोर नियम आहेत, उच्चाराला तसे नाहीत. इंग्रज, जर्मन आणि जपानी अभ्यासक हेच नाव आपापल्या वळणाने उच्चारतात आणि कोणाचं काही अडत नाही.

नावाचे दोन भाग कशासाठी?

पहिला भाग प्रजातीचा, म्हणजे जवळच्या नातलगांच्या गटाचा. दुसरा भाग त्या गटातल्या या एका जातीचा. सीइक्स या गटात आग्नेय आशियातले आणि पॅसिफिकमधल्या बेटांवरचे इतर अनेक छोटे खंड्ये आहेत. त्यांतला एरिथाका तो आपला.

इथे मराठीतली एक अडचण सांगायला हवी. विश्वकोशात आणि जीवशास्त्राच्या मराठी पुस्तकांत जीनस या अर्थी ‘प्रजाती’ आणि स्पीशीज या अर्थी ‘जाती’ असे शब्द आहेत. वर्तमानपत्रांत आणि रोजच्या बोलण्यात मात्र स्पीशीजलाच ‘प्रजाती’ म्हणतात. त्यामुळे ‘नवी प्रजाती सापडली’ अशी बातमी वाचताना नक्की काय सापडलं हे तपासावं लागतं. या उत्तरांमध्ये पुस्तकी अर्थच वापरला आहे: प्रजाती म्हणजे गट, जाती म्हणजे त्यातला एक प्रकार. त्याच्या वर कुल, त्याच्या वर गण. तिबोटी खंड्याचं कुल अल्सेडिनिडी, आणि गण कोरासिफॉर्मिस. याच गणात नीलपंख आणि वेडे राघूही येतात.

दुसऱ्या भागाबद्दल एक नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे. प्रजातीचं नाव सगळ्या प्राणिसृष्टीत एकदाच वापरता येतं. जातीचं नाव वेगवेगळ्या प्रजातींमध्ये पुन्हा येऊ शकतं. माणसांची नक्कल करण्यासाठी प्रसिद्ध असलेला आफ्रिकेतला राखी पोपट म्हणजे सिटॅकस एरिथाकस. नावाचा दुसरा भाग जवळजवळ तोच, नाव देणाराही लिनियसच आणि वर्षही १७५८, पण पोपट आणि खंड्या यांचा एकमेकांशी जवळचा संबंध काहीच नाही. म्हणून नुसतं ‘एरिथाका’ असं कधी लिहू नये.

हे नाव कोणी ठेवलं? त्याने हा पक्षी पाहिला होता का?

नाव ठेवलं स्वीडनच्या कार्ल लिनियसने, १७५८ साली, ‘सिस्टिमा नातुरी’ या त्याच्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत. लिनियस भारतात कधीच आला नाही. हा पक्षी त्याला माहीत झाला तो एका चित्रामुळे.

ते चित्र इलियाझर अल्बिन या लंडनमधल्या चित्रकाराचं. अल्बिनने १७३० च्या दशकात पक्ष्यांवरचा एक मोठा सचित्र ग्रंथ तीन खंडांत काढला. त्यात बंगालमधला म्हणून एका खंड्याचं रंगीत चित्र आणि वर्णन होतं. समुद्रापलीकडून व्यापारी जहाजांबरोबर येणारे वाळवलेले पक्षी आणि कातडी युरोपातल्या हौशी संग्राहकांकडे जमत आणि त्यांवरून अशी चित्रं काढली जात. लिनियसने अल्बिनच्या त्या पानाचा हवाला देऊन पक्ष्याला नाव दिलं, आणि म्हणून आजही या जातीचं मूळ ठिकाण बंगाल असंच धरलं जातं.

आपल्या ओळखीच्या आणखी एका खंड्याची गोष्ट अशीच आहे. विजेच्या तारेवर बसलेला, पांढऱ्या छातीचा, तपकिरी डोक्याचा खंड्या सगळ्यांनी पाहिलेला असतो. त्याचं नाव हॅल्सियॉन स्मर्नेन्सिस. स्मर्ना म्हणजे तुर्कस्तानातलं आजचं इझमिर शहर. तेही नाव लिनियसने अल्बिनच्याच चित्रावरून दिलं. आपल्या अंगणातला पक्षी तुर्कस्तानातल्या एका बंदराचं नाव घेऊन जगभर ओळखला जातो, तो यामुळे.

आज कोणालाही असं केवळ दुसऱ्याच्या पुस्तकातल्या चित्रावर विसंबून नव्या जातीला नाव देता येणार नाही. ज्या नमुन्यावरून नाव दिलं तो नमुना, म्हणजे टाइप स्पेसिमेन, कोणता आणि कुठल्या संग्रहात ठेवला आहे हे सांगावं लागतं. पुढे कधी शंका आली तर त्याच नमुन्याकडे परत जाता येतं.

१७५८ हेच वर्ष इतक्या नावांपुढे का दिसतं?

कारण प्राण्यांच्या शास्त्रीय नावांची सुरुवातच तिथून मोजतात. त्याआधी प्राण्यांना लांबलचक लॅटिन वाक्यांनी ओळखलं जाई: चोच अशी, पाठ तशी, शेपूट अशी असलेला पक्षी. नवा पक्षी सापडला की आधीचं वाक्य अपुरं पडे आणि ते आणखी लांबवावं लागे. लिनियसने दहाव्या आवृत्तीत सगळ्या प्राण्यांना सरसकट दोन शब्दांची नावं दिली. त्यामुळे १ जानेवारी १७५८ ही नामकरणाची आरंभतिथी मानली जाते. त्याआधी कोणी कितीही सुंदर नाव दिलेलं असलं तरी ते धरलं जात नाही.

‘लिनियस, १७५८’ हे कंसात का लिहितात? कंस काढला तर चालतं का?

चालत नाही, कारण त्या कंसाला अर्थ आहे. कंस सांगतो की नाव देणाऱ्याने ही जात मुळात वेगळ्या प्रजातीत ठेवली होती. लिनियसने हा पक्षी अल्सेडो या प्रजातीत टाकला होता, म्हणजे त्याने दिलेलं नाव अल्सेडो एरिथाका. पुढे १७९९ मध्ये फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लासेपेद याने सीइक्स ही नवी प्रजाती केली आणि हा पक्षी तिच्यात आला. लिनियसचं श्रेय कायम राहिलं, पण स्थलांतराची खूण म्हणून त्याचं नाव कंसात गेलं.

जात अजूनही मूळच्याच प्रजातीत असेल तर कंस नसतो. वर सांगितलेल्या राखी पोपटाच्या नावापुढे ‘लिनियस, १७५८’ असं उघडं लिहितात. मला हा नियम फार आवडतो. दोन छोट्या चिन्हांत अख्खा फेरबदल नोंदवलेला असतो.

सीइक्स कोण होता?

ग्रीक पुराणातला ट्रॅकिसचा राजा. त्याची बायको अल्सियोनी. रोमन कवी ओव्हिडने सांगितलेल्या कथेत सीइक्स समुद्रप्रवासाला निघतो, वादळात जहाज फुटतं आणि तो बुडतो. त्याचं प्रेत किनाऱ्याला लागलेलं पाहून अल्सियोनी त्याच्याकडे झेप घेते, आणि देवांना दया येऊन दोघांचे पक्षी होतात. ते पक्षी म्हणजे खंड्ये, असं मानलं गेलं.

खंड्यांना नावं देणाऱ्यांनी ही कथा पुरेपूर वापरली. नवऱ्याचं नाव सीइक्सला मिळालं, बायकोचं नाव हॅल्सियॉन या प्रजातीत आलं. अल्सेडो हा खंड्यासाठीचा जुना लॅटिन शब्द.

आणि एरिथाका?

एरिथाकोस हा प्राचीन ग्रीकांनी उल्लेखलेला एक पक्षी. तो नेमका कोणता हे निश्चित नाही. सहसा तो युरोपातला लाल छातीचा रॉबिन समजला जातो, आणि त्या रॉबिनच्या प्रजातीचं नावही एरिथाकस असंच आहे. थोडक्यात, आपल्या पक्ष्याच्या नावात एक बुडालेला राजा आणि एक ओळख हरवलेला पक्षी आहे, आणि दोघांचाही कोकणातल्या ओढ्याशी काही संबंध नाही.

जुन्या पुस्तकात ‘सीइक्स ट्रायडॅक्टिला’ असं लिहिलंय. तो वेगळा पक्षी आहे का?

पक्षी तोच. ट्रायडॅक्टिला म्हणजे तीन बोटांचा. हे नाव पीटर सायमन पल्लास या जर्मन निसर्गशास्त्रज्ञाने १८व्या शतकातच, पण लिनियसनंतर दिलं. ते इतकं समर्पक होतं की इंग्रजांच्या काळातल्या भारतीय पक्ष्यांवरच्या ग्रंथांत तेच रूढ झालं. ग्रंथालयात जुनी पुस्तकं चाळली तर हेच नाव सापडेल, आणि मराठीतलं ‘तिबोटी’ही त्याच लक्षणाकडे बोट दाखवतं.

मग हे चांगलं नाव गेलं का? कारण एकाच जातीला दोन नावं मिळाली असतील तर आधी दिलेलं नाव टिकतं. याला अग्रक्रमाचा नियम म्हणतात. नाव किती समर्पक आहे, किती गोड आहे, कोणाला आवडतं, यापैकी कशाचाही विचार होत नाही. तसा विचार करायला लागलं तर प्रत्येक पिढी आपल्या पसंतीचं नाव पुढे करील आणि शंभर वर्षांपूर्वीच्या नोंदी आजच्या नोंदींशी जुळवता येणार नाहीत. अल्बिनच्या चित्रातला पक्षी आणि पल्लासचा तीन बोटांचा पक्षी एकच, हे मान्य झाल्यावर १७५८ चं एरिथाका पुढे आलं आणि ट्रायडॅक्टिला त्याचं दुय्यम समानार्थी नाव ठरलं.

तरीही ट्रायडॅक्टिला हे नाव विसरू नये असं मला वाटतं. जुन्या नोंदी शोधायच्या तर ते माहीत असावंच लागतं. नुसतं ‘एरिथाका’ शोधणाऱ्याच्या हाताला त्या काळातली बरीचशी माहिती लागणारच नाही.

एरिथाकस बरोबर की एरिथाका?

आज एरिथाका. गेल्या काही दशकांतल्या अनेक पुस्तकांत एरिथाकस छापलेलं आहे, म्हणून गोंधळ होतो. लॅटिनमध्ये विशेषण नामाच्या लिंगाप्रमाणे बदलतं. सीइक्स हा राजा, म्हणजे पुल्लिंगी, म्हणून त्याच्यापुढे ‘एरिथाकस’ हवं असा हिशेब होता. पण एरिथाका हे विशेषण न मानता पक्ष्याचं नाव, म्हणजे नामच मानलं, तर लिंगाप्रमाणे बदल करायचा नसतो आणि लिनियसने लिहिलेलं रूप तसंच ठेवायचं असतं. सध्याच्या याद्या हेच धरतात.

खरंच तीनच बोटं असतात?

हो. बहुतेक पक्ष्यांना चार बोटं असतात, तीन पुढे आणि एक मागे. खंड्यांमध्ये पुढची बाहेरची दोन बोटं बरीचशी एकमेकांना जोडलेली असतात. सीइक्समध्ये त्याखेरीज पुढचं आतलं बोट जवळजवळ नाहीसं झालेलं आहे. त्यामुळे पुढे दोन आणि मागे एक अशी तीनच बोटं दिसतात. मात्र तीन बोटं ही एकट्या तिबोटी खंड्याची खूण नाही. त्याच्या काही नातलगांनाही तीनच आहेत.

तांबड्या पाठीचा तिबोटी खंड्या ही वेगळी जात आहे का?

या पक्ष्याच्या नावाबाबत सर्वांत जास्त खल इथेच झाला आहे.

मलाया द्वीपकल्प, सुमात्रा, जावा, बोर्निओ इथे असाच एक छोटा खंड्या आहे, पण त्याच्या पाठीवर निळं-काळं काहीच नाही. सगळी पाठ तांबूस-जांभळी. त्याला १८४७ मध्ये ह्यू एडविन स्ट्रिकलंड याने सीइक्स रुफिडोर्सा हे नाव दिलं. रुफिडोर्सा म्हणजे तांबड्या पाठीचा. हा स्ट्रिकलंड साधासुधा माणूस नव्हे. प्राण्यांच्या नामकरणाचे पहिले व्यवस्थित नियम १८४२ मध्ये ज्या समितीने मांडले, तिचा तो प्रमुख सूत्रधार होता. चार्ल्स डार्विनही त्या समितीत होता. अग्रक्रमाचा नियम तिथूनच ठामपणे पुढे आला. त्या नियमांत आरंभ लिनियसच्या १७६६ च्या बाराव्या आवृत्तीपासून धरला होता. १७५८ हे वर्ष नंतर सर्वमान्य झालं.

आता अडचण अशी की जिथे काळ्या पाठीचे आणि तांबड्या पाठीचे पक्षी एकाच भागात भेटतात, तिथे मधल्याच रंगांचे पक्षीही सापडतात. थोडी पाठ निळी, थोडी तांबडी. दोघांमध्ये संकर होतो याचा तो पुरावा. मग या दोन जाती म्हणायच्या, की एकाच जातीची दोन रूपं? काही अभ्यासकांनी दोघांना एकत्र केलं, काहींनी वेगळं ठेवलं. आलटून पालटून दोन्ही मतं छापली गेली. डीएनएच्या अभ्यासांनंतर चित्र थोडं स्पष्ट झालं: दोघांचे वंश वेगळ्या वाटेने गेलेले आहेत, पण वाटा पूर्ण तुटलेल्या नाहीत, जनुकांची देवाणघेवाण झालेली आहे. त्यामुळे कुठे रेघ मारायची हा शेवटी निर्णयाचा भाग उरतो. सध्याचा कल दोन जाती मानण्याकडे आहे, आणि माझ्या मते तो योग्य आहे, कारण संकर होणाऱ्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना पक्षी आपापल्या रूपात टिकून आहेत.

भारतात हा प्रश्न प्रत्यक्ष पाहताना येत नाही. आपल्याकडचा पक्षी काळ्या पाठीचा, म्हणजे एरिथाकाच.

म्हणूनच इंग्रजी नावं वेगवेगळी दिसतात का?

बरोबर. दोघांना एकत्र धरणारे ओरिएंटल ड्वार्फ किंगफिशर म्हणत. वेगळं केल्यावर आपल्याकडच्या पक्ष्याला काही याद्यांनी ब्लॅक-बॅक्ड ड्वार्फ किंगफिशर म्हटलं, काहींनी जुनंच नाव चालू ठेवलं. थ्री-टोड किंगफिशर हे त्याहून जुनं. फोटोखाली शास्त्रीय नाव लिहिलं की हा सगळा घोळ मिटतो.

नावात तीन शब्द दिसले तर काय समजायचं?

तिसरा शब्द उपजातीचा. निकोबार बेटांवरच्या तिबोटी खंड्याला सीइक्स एरिथाका मॅक्रोकॅरस म्हणतात. सह्याद्रीतला पक्षी सीइक्स एरिथाका एरिथाका. तोच शब्द दोनदा आला म्हणजे छापखान्याची चूक नव्हे. ज्या उपजातीवरून जातीला पहिल्यांदा नाव मिळालं, तिचं नाव असंच लिहितात.

नावाचा अर्थच चुकीचा असेल तर ते बदलत का नाहीत?

करकोच्यासारख्या दांडग्या चोचीचा एक मोठा खंड्या आपल्याकडे नदी-खाडीकाठी दिसतो. त्याचं नाव पेलार्गॉप्सिस कॅपेन्सिस. कॅपेन्सिस म्हणजे केपचा, दक्षिण आफ्रिकेतल्या केप ऑफ गुड होपचा. हा पक्षी आफ्रिकेत राहतच नाही. ठिकाणाची माहितीच चुकीची पोचली होती. तरी नाव तेच राहिलं, आणि राहणार. शास्त्रीय नावाचं काम वर्णन करणं हे नाही. एका जातीकडे निःसंदिग्धपणे निर्देश करणं एवढंच त्याचं काम, आणि ते चुकीच्या अर्थाचं नावही चोख करतं.

नाव बदलतं ते नात्याबद्दलची समजूत बदलली, किंवा त्याहून जुनं वैध नाव सापडलं तर. अपवादात्मक बाबतीत आंतरराष्ट्रीय प्राणिनामकरण आयोग निर्णय देतो. त्याची स्थापना १८९५ ची, आणि त्याच्या नियमसंहितेची चौथी आवृत्ती १ जानेवारी २००० पासून लागू आहे.

निळा रंग रंगद्रव्याचा असतो का?

नाही. पिवळा-नारिंगी रंगद्रव्यांचा, निळा मात्र पिसांच्या अतिसूक्ष्म रचनेचा. पिसाच्या आत केराटिन हे प्रथिन आणि हवेच्या पोकळ्या यांची स्पंजासारखी जाळी असते. तिच्यातून प्रकाश विखुरताना निळ्या छटा उठून बाहेर येतात. म्हणून ढगाळ सावलीत हाच पक्षी काळपट दिसतो.

तो पावसाळ्यातच का दिसतो? घरटं कुठे करतो?

कोकणात त्याचा विणीचा हंगाम पावसाळ्याचा आहे. इतर बरेच पक्षी पावसाआधी पिल्लं वाढवून मोकळे होतात, हा जूनमध्ये येऊन कामाला लागतो. कारण बिळाशी आणि खाण्याशी निगडित आहे. त्याला घरट्यासाठी मातीची उभी दरड लागते: ओढ्याचा काठ, पायवाटेची किंवा घाटरस्त्याची खोदलेली बाजू, उन्मळलेल्या झाडाच्या मुळांना धरून राहिलेली माती. उन्हाळ्यात ही माती विटेसारखी कडक असते. पावसाने ती भिजली की एवढ्याशा चोचीने ती पोखरता येते. नर-मादी दोघं खणतात. चोचीने टोचून माती सैल करायची आणि पायांनी मागे ढकलायची. बीळ आडवं, कधी कधी मीटरभर लांब, आणि आतल्या टोकाला अंड्यांची जागा. अंडी पांढरी. दोघं आळीपाळीने उबवतात, सुमारे १७ दिवसांत पिल्लं बाहेर येतात आणि साधारण २० दिवसांनी बीळ सोडतात.

याच दिवसांत जंगलात खेकडे, बेडूक, कोळी, पाली, सापसुरळ्या यांची रेलचेल असते. बिळाजवळची एक ठरलेली फांदी असते. पक्षी तिच्यावर येतो तेव्हा चोचीत त्याच्या स्वतःच्या अंगाइतकी लांब सापसुरळी असू शकते. ती तो डावी-उजवीकडे फांदीवर आपटतो, पुन्हा पुन्हा, तिची हालचाल थांबेपर्यंत. मग चोचीतल्या चोचीत फिरवून तिचं डोकं बाहेरच्या बाजूला आणतो. पिल्लाला ती डोक्याकडून गिळता यावी म्हणून. स्वतः खायची असली की डोकं आतल्या बाजूला. त्यामुळे भक्ष्याचं तोंड कुठे आहे हे पाहिलं की तो बिळात जाणार की नाही हे आधीच कळतं.

खंड्या आहे तर मासे खात नाही का?

ओढ्यातले छोटे मासे पकडतो, पण त्यांच्यावर अवलंबून नाही. किडे, कोळी, खेकडे, बेडूक आणि छोटे सरपटणारे प्राणी हे त्याचं मुख्य खाणं.

पावसाळ्यानंतर जातो कुठे?

दक्षिणेकडच्या सदाहरित जंगलांत आणि श्रीलंकेत तो वर्षभर असतो. कोकणातून मात्र पाऊस ओसरला की दिसेनासा होतो. आग्नेय आशियात त्याचं स्थलांतर रात्री होतं हे चांगलं माहीत आहे, आणि तेही एका वाईट कारणाने: सिंगापूरसारख्या शहरात रात्रीच्या उजेडाने भरकटून उंच इमारतींच्या काचांवर आदळणाऱ्या पक्ष्यांत तो नेहमी सापडतो.

घरट्याचे फोटो काढावेत का?

माझं स्पष्ट मत आहे, काढू नयेत. या पक्ष्याच्या वाट्याला हे संकट त्याच्या रंगांमुळेच आलं आहे. बिळासमोर माणसं थांबली की तो भक्ष्य चोचीत धरून दूरच्या फांदीवर ताटकळत बसतो आणि आत पिल्लं उपाशी राहतात. समोरच्या फांद्या तोडल्या की साप आणि इतर शिकाऱ्यांना बिळाचं तोंड उघडं पडतं. दरडीवर चढलं तर भिजलेली माती ढासळून बीळ बुजू शकतं. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली या पक्ष्याला आणि त्याच्या घरट्याला संरक्षण आहे, पण दरडीपाशी कायदा उभा नसतो. बिळापासून दूर, ओढ्याकाठी बसलेल्या पक्ष्याचा फोटोही तितकाच देखणा येतो.

मराठीत लिहिताना शास्त्रीय नाव कसं लिहायचं?

अधिकृत रूप रोमन लिपीतलंच असतं. त्यात प्रजातीचं पहिलं अक्षर मोठं, जातीचं नाव कायम लहान अक्षरांत आणि दोन्ही शब्द तिरप्या अक्षरांत. मराठी मजकुरात देवनागरीत उच्चार लिहायला काहीच हरकत नाही, फक्त एका लेखात एकच रूप ठेवा. एकदा ‘सीइक्स’ आणि पुढे ‘सेक्स’ किंवा ‘केईक्स’ असं करू नका.

दिसला तर नोंद कशी करावी?

तारीख, वेळ, अधिवास आणि पक्षी काय करत होता हे लिहा. प्रौढ होता की पिल्लू, चोचीत काही होतं का, तेही. नावाच्या जागी सीइक्स एरिथाका लिहा, कारण पुढे यादीतलं इंग्रजी नाव बदललं तरी नोंद हरवत नाही. ईबर्डसारख्या, पक्ष्यांच्या नोंदी जमवणाऱ्या संकेतस्थळावर ही नोंद टाकता येते. कोकणात तो नेमका कधी येतो आणि कधी जातो हे अशाच नोंदींवरून बांधता येतं, त्यामुळे जूनमधला पहिला आणि पावसाळ्याच्या शेवटी दिसलेला शेवटचा पक्षी न विसरता नोंदवा. बिळाची नेमकी जागा मात्र जाहीर नोंदीत देऊ नका. तालुक्याचं नाव पुरतं.